मुंबईचा टाउनहॉल: सभागृह आणि सभा

‘सभा’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. परंतु ‘सभागृह’ ही वस्तु त्या मानानें अगदीं अलीकडची म्हणावी लागेल. आपल्या गांवांतून माणसें जमत तीं चावडीवर, पारावर किंवा देवळाच्या सभामंडपांत. चावडी सरकारची, पार गांवाचा आणि सभामंडप देवाचा. लोणंदासारख्या बाजारपेठेच्या गांवीं बाजाराचा दिवस हाच अर्धी सभा असे. परंतु ज्या इमारतींत देवाची मूर्ति नाहीं आणि राजाची गादीहि नाहीं, अशी एक भव्य वास्तु नगरवासीयांनीं केवळ एकत्र जमण्यासाठीं उभारावी, ही कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आली. तिचा महाराष्ट्रांतील एक जुना व ठळक नमुना म्हणजे मुंबईचा टाउनहॉल होय. सभागृह बांधल्यानें सभा निर्माण होते काय, या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर या वास्तूच्या इतिहासासारखें दुसरें साधन क्वचितच सांपडेल.

या इमारतीची कल्पना सर जेम्स मॅकिन्टॉश या न्यायाधीशाच्या मनांतली. त्यानें १८०४ सालीं मुंबईस ‘लिटररी सोसायटी’ स्थापिली; तीच पुढें एशियाटिक सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आली. या मंडळीस ग्रंथांसाठीं जागा हवी होती आणि शहरांतील इंग्रज समाजास समारंभांसाठीं दालन हवें होतें. १८११ च्या सुमारास ही योजना पुढें आली. पैसा जमविण्यासाठीं त्या काळच्या रीतीप्रमाणें सोडतीहि काढण्यांत आल्या. परंतु कल्पना मोठी आणि थैली लहान, अशी स्थिति झाली. शेवटीं उरलेला खर्च सरकारानें उचलला व त्याच्या बदल्यांत कचेऱ्यांसाठीं जागा मिळविली. मुंबईच्या इंजिनियर पलटणींतील कर्नल टॉमस कूपर यानें आराखडा केला आणि १८३३ सालीं इमारत पुरी झाली. म्हणजे जन्मापासूनच या घरावर दोन धनी होते: एक नगर आणि दुसरें सरकार.

वास्तूचें रूप पाहिलें तर तें पूर्णपणें ग्रीक वळणाचें आहे. ३० पायऱ्यांचा रुंद जिना चढून गेलें कीं समोर पन्हळीदार डोरिक खांबांची रांग उभी राहते. डोरिक हा ग्रीक स्तंभप्रकारांतला सर्वांत साधा व सर्वांत दणकट प्रकार. त्याच्या माथ्यावर पानाफुलांची नक्षी नाहीं. खालीं जाड, वर किंचित् निमुळता, आणि अंगावर उभ्या पन्हळी. या पन्हळींत ऊन व सावली खेळूं लागली म्हणजे दगड हलका भासतो. अथेन्सचें पार्थेनॉन हें या शैलीचें आदर्श उदाहरण. मुंबईचे हे खांब इंग्लंडांतून जहाजानें आणिले होते. कांहीं खांब अतिशय मोठे भरले व ते पुढें भायखळ्याच्या ख्रिस्ती देवळास लावले, अशी कथाहि सांगतात. आंत लांकडी जमिनी, गोल फिरणारे जिने आणि ग्रंथांनीं भरलेलीं उंच दालनें आहेत.

त्या काळीं ग्रीक वळणाची हौस एकट्या मुंबईसच नव्हती. टाउनहॉलचें काम चालूं असतांना अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एक पेढी पार्थेनॉनच्या धर्तीवर उभी राहत होती. ग्रीक खांब म्हणजे लोकसत्तेची खूण, असें तिकडे मानीत. मुंबईस मात्र तींच चिन्हें एका परक्या सत्तेच्या दारावर उभीं राहिलीं! आंत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा संगमरवरी पुतळा बसविला आहे. सातारकरांस हें नांव निराळ्या कारणानें ठाऊक असतें: पेशवाई बुडाल्याचा जाहीरनामा त्यानें ११ फेब्रुवारी १८१८ रोजीं साताऱ्याहून काढिला. पुढें १ नोव्हेंबर १८५८ रोजीं राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा मुंबईस वाचला गेला तोहि याच टाउनहॉलच्या पायऱ्यांवरून.

आतां या पायऱ्या चढण्याचा अधिकार कोणास होता तें पाहूं. सोसायटीचीं दारें एतद्देशीयांस कित्येक वर्षें बंद होतीं. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थास १८४० सालीं सभासदत्व मिळालें. तेव्हां संस्थेस ३६ वर्षें झालीं होतीं. न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ सालीं तिचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पहिल्या पायरीपासून अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंतचें हें अंतर अर्ध्या शतकाहून अधिक आहे. परंतु एकदां आंत आल्यावर आपल्या विद्वानांनीं त्या घराचें सोनें केलें. डॉ. भाऊ दाजी लाड यांचें शिलालेखांचें वाचन आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं सोपाऱ्याच्या स्तूपांतून काढलेले अवशेष यांचा या वास्तूशीं संबंध आहे. परक्यांच्या हौसेसाठीं बांधलेलें दालन आपल्याच इतिहासाची कोठी बनलें.

राजकारणाचीहि कथा अशीच. १८६१ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्याचें विधिमंडळ निर्माण झालें आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजीं टाउनहॉलच्या दरबार दालनांत भरली. अध्यक्षस्थानीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क. हिंदी सभासदांत नाना शंकरशेट. यांतील एकहि हिंदी सभासद निवडून आलेला नव्हता; सारे सरकारनें नेमलेले. त्यांस प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकावर बोलण्याचा नव्हता. हे अधिकार १८९२ च्या कायद्यानें मर्यादित स्वरूपांत आले. आज नानांचा पुतळा त्याच टाउनहॉलमध्यें आहे, हें योग्यच झालें; पण त्या दिवशीं दालन सभेचें होतें आणि आवाज एकट्या सरकारचा होता, हें विसरतां येत नाहीं.

याच ठिकाणीं अमेरिकेच्या इतिहासांतील एक प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. फिलाडेल्फियांत सुतारांच्या संघानें १७७० नंतर आपल्यासाठीं एक घर बांधलें. रॉबर्ट स्मिथ या सुतार-शिल्पकारानें त्याचा आराखडा केला. क्रूसाच्या आकाराचें, विटांचें, माथ्यावर लहानसा घुमटी मनोरा असलेलें हें दोन मजल्यांचें घर. भव्यता अशी त्यांत मुळींच नाहीं. वरचा मजला बेंजामिन फ्रँकलिननें स्थापिलेल्या ग्रंथालयास भाड्यानें दिलेला होता. सप्टेंबर १७७४ मध्यें १३ पैकीं १२ वसाहतींचे प्रतिनिधि राजसत्तेच्या जुलमाचा विचार करण्यासाठीं त्या शहरांत जमले, तेव्हां प्रांताचें मोठें सरकारी सभागृह त्यांना देऊं केलेलें होतें. तें न घेतां त्यांनीं सुतारांचें घर पसंत केलें. विलायती माल घ्यावयाचा नाहीं, हा ठराव त्याच खोलींत झाला. स्वदेशी व बहिष्कार यांचें महत्त्व जाणणाऱ्या मराठी वाचकास यांतील मर्म निराळें सांगावयास नको. दोन वर्षांनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मात्र त्या सरकारी सभागृहांतच मंजूर झाला. सभा आधीं समर्थ झाली, मग सरकारचें घरहि तिचें झालें!

मुंबईंतहि हुबेहूब असेंच घडलें. बाँबे असोसिएशन ही आपली पहिली राजकीय संस्था २६ ऑगस्ट १८५२ रोजीं एल्फिन्स्टन विद्यालयाच्या जागेंत स्थापन झाली. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरांत पुण्यास भरावयाचें होतें. तेथें कॉलऱ्याची साथ आल्यामुळें तें मुंबईस हलविलें. देशभरांतून आलेले ७२ प्रतिनिधि बसले ते टाउनहॉलच्या डोरिक खांबांआड नव्हे, तर गोवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत. फिलाडेल्फियांत सुतारांचें घर, मुंबईंत एका धनिकाच्या दानानें चाललेली पाठशाळा. आणि ‘चले जाव’चा ठराव ८ ऑगस्ट १९४२ रोजीं झाला तो त्याच गोवालिया तलावाच्या उघड्या मैदानावर. सभा जसजशी मोठी होत गेली, तसतशा भिंती दूर सरत गेल्या.

हें वाचून आपल्या जुन्या सभामंडपांविषयीं अभिमान वाटूं लागेल. पण तोच मापदंड स्वतःसहि लावला पाहिजे. चोखोबांची समाधि पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीशींच आहे, आणि तें मंदिर सर्वांस उघडें होण्यास १९४७ साल उजाडावें लागलें; त्यासाठीं साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. टाउनहॉलच्या पायऱ्या गोऱ्यांनीं राखल्या, देवळाच्या आपण राखल्या. अपराधाची जात एकच.

तथापि आपल्याच मातींत सभेचें एक थोर उदाहरणहि आहे. टाउनहॉल उभा राहत होता त्याच सुमारास सातारा प्रांतांतील आरफळचे हैबतबाबा यांनीं ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यास आजची शिस्त लावून दिली. नीरास्नान करून पालखी सातारा जिल्ह्यांत येते, तेव्हां तिचा मुक्काम लोणंदास पडतो. सायंकाळीं तळावर पालखीभोंवतीं सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारों माणसें क्षणांत निःशब्द होतात. परंतु ज्या दिंडीचें कांहीं गाऱ्हाणें असेल तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीपाशीं जातात, तक्रार ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवल्या-सांपडल्या वस्तूंची व उद्यांच्या प्रस्थानाची वर्दी दिली जाते, आणि मगच समाजआरती होते. ज्याचें दुःख आहे त्याचा टाळ थांबेपर्यंत आरती होत नाहीं, हा नियम जगांतील कोणत्याहि लोकसभेनें आदर्श म्हणून घ्यावा इतका मोलाचा आहे. त्या सभेस छप्पर नाहीं, खांबहि नाहींत.

म्हणून इमारती व्यर्थ आहेत, असा अर्थ कोणी काढूं नये. मुंबईचें विधिमंडळ १९२८ सालीं अपोलो बंदराजवळील खलाशांच्या जुन्या वसतिगृहाच्या वास्तूंत गेलें आणि १९८१ सालीं नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनांत आलें. टाउनहॉल ग्रंथांसह आपल्या जागीं उभा राहिला. उघड्या मैदानावर ठराव होतो. पण त्याचा कागद, त्यामागचा ग्रंथ आणि त्याची आठवण जपावयास घरच लागतें. आज गांवोगांव ग्रामसभेचीं व नगरपंचायतींचीं सभागृहें उभीं राहत आहेत. त्यांच्या कोनशिलेवर कोणाचें नांव आहे व दर्शनी बाजूस कोणता दगड लाविला आहे, हें वाचणारे पुष्कळ भेटतील. खरी पारख मात्र निराळी आहे: तेथें सर्वांत मागें उभा असलेला माणूस आपला टाळ वाजवूं शकतो काय, आणि तो वाजूं लागला तर कोणी त्याच्यापाशीं जातो काय?