खडीची पाटी, पोलादी बार

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अजून निघतात. माझी अम्मी तेव्हा रस्त्याच्या कामावर खडीच्या पाट्या उचलायची. दिवसाकाठी तिनं किती वजन वाहिलं, ते कुणी मोजलं नाही.

त्याच वर्षीच्या म्युनिक ऑलिंपिकनंतर भारोत्तोलनातला ‘प्रेस’ हा प्रकार वगळला गेला. दोनच प्रकार उरले : बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणारा ‘स्नॅच’ आणि आधी खांद्यावर, मग डोक्यावर नेणारा ‘क्लीन अँड जर्क’. पण तेव्हा बायकांना तिथं जागाच नव्हती. पुरुषांनी १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजन उचललं. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये अमेरिकेत झाली आणि ऑलिंपिकचं दार २००० मध्ये सिडनीला उघडलं. १०४ वर्षांनी! त्याच स्पर्धेत आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीनं ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलले, कांस्यपदक आणलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढं मे २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातली, वडगाव मावळची हर्षदा गरुड ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक विजेती झाली. ४५ किलोच्या गटात तिनं १५३ किलो उचलले.

हे व्यायाम फक्त भारोत्तोलनासाठी नसतात. बार वर खेचताना घोटा, गुडघा, कंबर एका झटक्यात सरळ होतात. उंच उडी घेताना, खो-खोत झेप टाकताना नेमकं हेच घडतं. म्हणून महाविद्यालयातल्या इतर खेळाडू मुलींनाही ते शिकवतात. आधी नुसती काठी, मग बायकांचा १५ किलोचा बार, वजन त्यानंतर.

तरी घरचे विचारतात, ‘मुलीच्या जातीला वजन कशाला?’ पाथर्डी-शेवगावच्या बाया ऊसतोडीला जातात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नाही.

ताकद बायकांकडं होतीच. प्रशिक्षणानं वजन मोजलं, बेतानं वाढवलं, विश्रांती दिली आणि पाठ सरळ ठेवायला शिकवलं. माझ्या अम्मीची कंबर साठीच्या आतच वाकली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.