प्लाझ्मातल्या उसळ्यांची कुळकथा

चुंबकी क्षेत्रात कोंडलेला प्लाझ्मा भिंतीकडे झिरपतो, पण एकसारखा झिरपत नाही. कडेला काही काळ सामसूम असते आणि मग दाट, गरम प्लाझ्माचा एखादा गोळा काही मायक्रोसेकंदांत बाहेर उसळतो. गळतीचा मोठा वाटा अशा उसळ्यांचा असतो, हे पक्के व्हायला जवळपास अर्धे शतक लागले. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा गांधीनगरजवळच्या भाट या गावी घडला.

आयनीभूत वायूला ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी मॉट-स्मिथ यांच्यासह वायूत बुडवायच्या बारीक विद्युत-शलाकेचा सिद्धांत मांडला होता. या कथेत ती शलाका पुन्हा येईल. दुसऱ्या महायुद्धात बर्कलीला चुंबकाच्या साहाय्याने युरेनियमची समस्थानिके वेगळी करताना डेव्हिड बोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की प्लाझ्मा चुंबकी रेषा ओलांडून हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निसटतो. निव्वळ कणांच्या टकरी धरल्या तर क्षेत्र दुप्पट केल्यावर गळती चौथाईवर यायला हवी. बोम यांच्या सूत्रात ती निम्म्यावरच येते. त्यांनी दोष दिला तो विद्युतक्षेत्रातल्या खळबळीला. सूत्रातला १/१६ हा गुणक कुठून आला, ते मात्र त्यांनी कधी नीट मांडून दाखवले नाही. तरीही पुढची वीस वर्षे यंत्रे बांधणाऱ्यांच्या मानगुटीवर हे सूत्र बसून राहिले. मुंबईचे होमी भाभा १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष या नात्याने बोलताना दोन दशकांत नियंत्रित अणुसंमीलनाची रीत सापडेल असे म्हणाले. त्या भाकिताच्या आड येणाऱ्या अडचणींत ही गळतीही होती. मॉस्कोतल्या टी-३ या टोकामॅकने, म्हणजे प्लाझ्मा कड्याच्या आकारात कोंडणाऱ्या चुंबकी यंत्राने, बोमचा अंदाज मागे टाकला आणि १९६९ मध्ये ब्रिटिश पथकाने लेसरने तापमान मोजून त्याला दुजोरा दिला. तरी टकरींच्या हिशेबापेक्षा गळती जास्तच राहिली.

खळबळ मोजायची कशी, हा खरा पेच होता. बराच काळ तिची सरासरी तीव्रता आणि वारंवारतेचा पट एवढेच पाहिले जाई. पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहांत मात्र बॅचलर आणि टाउनसेंड यांनी १९४९ मध्येच दाखवले होते, की बारीक भोवऱ्यांची ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही, ती तुटक तुटक जागी एकवटते. अशा वेळी सरासरी फसवी ठरते. शिरूर तालुक्यातले पाबळ पर्जन्यछायेत येते. तिथल्या शेतकऱ्याला वर्षाच्या पावसाचा आकडा सांगून काय उपयोग? चार जोरदार सरींत बराच पाऊस पडून ओढ्याने निघून जातो आणि मधले आठवडे कोरडे जातात. प्लाझ्माच्या कडेलाही नेमके असेच चालते, असा संशय १९८० च्या दशकात बळावला. कॅल्टेकच्या छोट्या टोकामॅकवर झ्वेबेन यांना १९८५ मध्ये शलाकांच्या जाळीतून घनतेचे सुटे पुंजके दिसले.

भारतात प्रधिमन काव १९८२ मध्ये प्रिन्स्टनहून अहमदाबादला परतले आणि प्लाझ्मा भौतिकीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. १९८६ मध्ये त्याची भाट इथली प्लाझ्मा संशोधन संस्था झाली. देशातच आखलेला आणि बांधलेला ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटीमीटर आणि प्लाझ्माची लहान त्रिज्या २५ सेंटीमीटर, म्हणजे जगातल्या मोठ्या यंत्रांपुढे ते खेळण्यातलेच. पण कडेचा अभ्यास करायला लहान यंत्र सोयीचे पडते. तिथला प्लाझ्मा इतका तप्त नसतो की शलाका वितळून जावी. ऋण विद्युतदाबावर ठेवलेली शलाका आयन ओढून घेते आणि तिच्यातल्या प्रवाहावरून घनतेचा चढउतार कळतो.

आर. झा, काव आणि सहकाऱ्यांनी अशा नोंदींचे सांख्यिकी वितरण तपासले. खळबळ निव्वळ यदृच्छेची असती तर घंटेच्या आकाराचा नेहमीचा आलेख मिळाला असता. प्रत्यक्षात मोठे चढउतार अपेक्षेपेक्षा फार अधिक वेळा सापडले. १९९२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हा पुरावा छापून आला. मोठ्या प्रयोगशाळांनी नंतर आपल्या यंत्रांवर हेच तपासले तेव्हा आलेखाची तीच लांब शेपटी सगळीकडे दिसली. उसळीची नोंद एका नजरेत ओळखू येते: चढण उभी, उतरण सावकाश.

कारण मिळाले ते २००१ मध्ये. क्राशेनिन्निकोव्ह यांनी दाखवले, की कड्याच्या बाहेरच्या बाजूला चुंबकी क्षेत्र वाकलेले आणि क्षीण असल्याने पुंजक्यातले आयन व इलेक्ट्रॉन उलट दिशांना सरकतात. पुंजक्याच्या वरच्या आणि खालच्या अंगांवर विरुद्ध प्रभार साचतात, त्यांच्यामधले विद्युतक्षेत्र चुंबकी क्षेत्राशी मिळून अख्ख्या पुंजक्याला बाहेर ढकलते. शलाकांना कड्याच्या बाहेरच्या बाजूलाच उसळ्या का जास्त सापडतात, याचेही उत्तर त्यात आले.

या उसळ्यांचे एक दांडगे भावंड वेगळ्या कुळातले आहे. जर्मनीत गार्शिंगच्या ‘अ‍ॅस्डेक्स’वर वागनर यांना १९८२ मध्ये प्लाझ्मा चांगला कोंडून राहण्याची नवी अवस्था सापडली. तिच्यात कडेवर दाबाची उभी भिंत तयार होते आणि ती अधूनमधून एकदम ढासळते. ही ढासळ पुंजक्यांपेक्षा फार मोठी ऊर्जा एका फटक्यात बाहेर टाकते. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’मध्ये, ज्यात भारतही भागीदार आहे, तळातल्या टंगस्टनच्या फरशा अशा फटक्यांनी वितळू नयेत म्हणून यंत्राच्या भिंतीत खास चुंबकी वेटोळी बसवण्याची योजना आहे. इकडे भाटला जुन्या आदित्यची पुनर्बांधणी होऊन २०१६ च्या अखेरीस ‘आदित्य-यू’मध्ये पहिला प्लाझ्मा पेटला.