बंगला तुमचा, पण जमीन कुणाची?

महाबळेश्वर-पाचगणीतल्या घरांच्या जाहिराती सध्या रोज दिसतायत. ‘निसर्गाच्या कुशीत हक्काचं घर’ वगैरे. त्यातल्या ‘हक्काचं’ या शब्दावर मला थोडं बोलायचंय.

मुळात या डोंगराचा मोठा व्यवहार झाला तोच अदलाबदलीचा. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि इंग्रज यांच्यात करार झाला. महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं, त्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना मिळालं. गव्हर्नर माल्कमच्या नावाने इथे माल्कमपेठ वसली. डोंगरावर आधीपासून राहणाऱ्यांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढे बंगल्यांसाठी जागा दिल्या गेल्या त्या भाडेपट्ट्याने. म्हणजे बंगला विकला जायचा, मालक बदलायचा, जमीन मात्र सरकारची. असे पट्टे आजही आहेत. म्हणून घर बघताना खिडकीतली दरी नंतर बघा. आधी पट्टा कधी संपतो आणि हस्तांतराला परवानगी आहे का, ते बघा. शेतजमीन असेल तर कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला ती सहज घेता येत नाही.

२००१ पासून हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. कृष्णेचं उगमस्थान आहे हे, निर्बंध हवेतच. पण घरं मोजकी आणि गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, मग भाव कुठे थांबणार? घोडेवाल्याच्या, हॉटेलात राबणाऱ्याच्या पोरांनी राहायचं कुठे? १८२९ ला विचारलं नाही, निदान आता तरी विचारा.