एका खिडकीपुरता रंग

संगणकाच्या पडद्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमाला आपल्या मनाजोगा निराळा वेश चढवितां यावा, ही इच्छा सकृद्दर्शनीं पोरखेळ वाटेल. परंतु चंदगडसारख्या तालुक्याच्या गावीं दिवसभर संगणकापुढें बसून अर्ज, दस्त व लग्नपत्रिका जुळविणाऱ्या मनुष्यास विचारावें. एका खिडकींतील पांढऱ्या झोतानें ज्याचे डोळे दुखतात, त्याला सगळा पडदा काळा नको असतो; तेवढी एक खिडकी निवली म्हणजे त्याचें काम भागतें. ह्या साध्या मागणीचा इतिहास मात्र बराच वांकडातिकडा आहे.

प्रारंभींच्या कर्त्यांचा ओढा एकरूपतेकडे होता. झेरॉक्स कंपनीचा १९८१ चा स्टार आणि अ‍ॅपलचा १९८४ चा मॅकिंटॉश ह्या दोहोंत सर्व प्रोग्रॅम एका वळणाचे दिसावे, म्हणजे एक शिकलेल्यास दुसरा आपोआप यावा, हा हेतु होता. आणि तो वाईट होता असें कोण म्हणेल? ह्याच्या उलट वाट १९८४ सालींच अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थेंत निघाली. तेथें जन्मलेल्या 'एक्स विंडो सिस्टिम'च्या कर्त्यांनीं साधनें पुरवावयाचीं, पण रूप कसें असावें हें ठरवावयाचें नाहीं, असें धोरण ठेविलें. १९८७ सालीं तिची अकरावी आवृत्ति निघाली. तींत मनुष्यानें एका साध्या फाइलींत प्रोग्रॅमाचें नांव, पुढें एक फुली, मग गुणधर्म आणि विसर्गासारखीं दोन टिंबें देऊन रंग लिहावा, कीं तेवढाच प्रोग्रॅम त्या रंगानें उघडे. घड्याळाला एक ओळ, टर्मिनलला दुसरी. दुकानदाराच्या चोपडीइतका सरळ हिशेब!

घरोघरच्या संगणकांवर ही मोकळीक आली नाहीं. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्यें रंगसंगतींचे पुष्कळ संच होते, पैकीं 'हॉट डॉग स्टँड' नांवाचा लालपिवळा भडक संच अजून लोक हंसून आठवितात. पण निवडलेला संच सर्वांस एकदम लागू. उलट १९९८ च्या सुमारास 'विनअँप' ह्या गाणीं वाजविणाऱ्या प्रोग्रॅमानें आपल्यापुरतीं 'स्किन्स' घेतलीं, आणि हौशी मंडळींनीं तीं ढिगानें रचलीं. २००१ च्या विंडोज एक्सपीनें नवा निळा साज आणला, आणि एखादा जुना प्रोग्रॅम त्यांत बिघडला तर तेवढ्यापुरता साज बंद करण्याची सोयही गुणधर्मांच्या खिडकींत ठेविली. फारसें कोणाचें लक्ष तिच्याकडे गेलें नाहीं. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें जुना साधा साजच काढून टाकण्यांत आला.

आतां आपल्या लिपीकडे. इंग्रजी वाचकाला टाइप बदलणें म्हणजे कपडे बदलणें. १९९० च्या दशकांतल्या मराठी टंकलेखकाला तें कातडें सोलण्यासारखें होतें. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेले असत. मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमांत नेला आणि तेथें तोच फाँट नसला, कीं पत्रिकेवरील वधूवरांचीं नांवें निरर्थक चिन्हें होत. रूप आणि आशय एकमेकांस असे चिकटले असतां स्वतंत्र वेशाची गोष्ट कोण काढणार? १९९१ च्या युनिकोडांत देवनागरीला स्वतःचीं स्थानें मिळालीं. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी ह्यांनीं रेखाटलेला 'मंगल' आला. आणि मग हळूहळू मराठी मजकुराचा देह वेशापासून सुटा झाला. माझ्या मतें ह्या सर्व इतिहासांत आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रसंग हाच. १९५६ सालीं बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला, तेव्हां त्यांतला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यांत राहून कोल्हापूरला जोडला गेला. पाटीवरची लिपि हा नुसता वेश, असें ह्या सीमेवरच्या मनुष्यास कधींच वाटलेलें नाहीं.

पुढें वाद उलटा झाला. लिनक्सवरील जीटीके ह्या साधनसंचाच्या तिसऱ्या पिढींत आज्ञेच्या आधीं थीमचें नांव लिहिलें म्हणजे एकच प्रोग्रॅम निराळ्या थीमनें उघडत असे. परंतु २०१९ च्या मे महिन्यांत ग्नोमसाठीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कांहीं जणांनीं जाहीर पत्र काढलें, कीं लिनक्सच्या वितरकांनीं आमच्या प्रोग्रॅमांवर परस्पर आपल्या थीमा चढवूं नयेत. बटणें दिसेनाशीं होतात, चिन्हें बिघडतात, आणि तक्रारी मात्र आमच्याकडे येतात. तक्रार खोटी नव्हती, आणि स्वतःच्या यंत्रावर स्वतः खटपट करणाराला त्यांनीं दोषही दिला नव्हता. तथापि २०२१ च्या अखेरीस आलेल्या 'लिबअ‍द्वैता'नें बाहेरच्या थीमांचा मार्ग पुष्कळच अरुंद केला. उजळ कीं काळोखी, एवढी निवड पुढें कांहीं प्रोग्रॅमांनीं आपापल्या पोटांत ठेविली. कोणांत ती सांपडते, कोणांत मुळींच नसते.

एक्सटर्म हा जुना टर्मिनल मात्र आजही १९८७ च्याच रीतीची एक ओळ वाचून आपला रंग बदलतो.