पायलीतली पोकळी

गेल्या श्रावणात शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने ‘मातीची सच्छिद्रता’ हा विषय घेतला होता. बेत सोपा होता. तीन काचेचे पेले घ्यायचे, एकात बारीक खडी, एकात वाळू, एकात काळी माती भरायची. प्रत्येकात वरून पाणी ओतायचे आणि किती मावले ते मोजायचे. निष्कर्ष मात्र प्रयोगाआधीच पहिल्या पानावर लिहून ठेवलेला होता : कण जितके मोठे, तितकी सच्छिद्रता जास्त. कुठल्यातरी मार्गदर्शक पुस्तकातून तो उतरवला होता. अडचण अशी झाली, की खडीत आणि वाळूत पाणी जवळपास सारखेच मावले. काळ्या मातीने तर सगळा हिशेबच बिघडवला. पाणी वर साचून राहिले, बुडबुडे येत राहिले आणि सकाळी पाहते तो माती फुगून पेल्याच्या काठावर आलेली.

“काका, आकडे थोडे बदलले तर चालतील का? निष्कर्षाशी जुळत नाहीत,” तिने विचारले.

तिला रागावण्याचा अधिकार मला नव्हता. दहावीला असताना लंबकाच्या प्रयोगाचे आकडे मी बाकावर बसूनच तयार केले होते आणि त्यांना चांगले गुणही मिळाले होते. पण इथे गोष्ट वेगळी होती. तिचे आकडे बरोबर होते, निष्कर्ष चुकीचा होता. शिवाय ही चूक तिची एकटीची नव्हती. मातीत रिकामी जागा किती, हा एक प्रश्न. त्या जागेतून पाणी किती वेगाने जाते, हा दुसरा. हे दोन प्रश्न एकच आहेत असे कुणालाही वाटते आणि त्यांना वेगळे करायला माणसाला बराच काळ लागला. तो काळ मी तिला सांगितला, तसाच इथे मांडतो.

सुरुवात मातीपासून न करता धान्यापासून करू. आपल्याकडे 1958पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली, तरी खेड्यापाड्यांत पायली, अधोली आणि शेर पुढेही बरीच वर्षे चालू राहिले. हे माप वजनाचे नसून आकारमानाचे. त्यामुळे पायलीत धान्याबरोबर दाण्यांमधली हवाही मोजली जाते. हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही पक्के ठाऊक असे. देणारा धान्य अलगद सोडी, घेणारा माप हलवून भरायला सांगे. हलवले की दाणे एकमेकांच्या खाचांत बसतात, पातळी खाली जाते आणि वर आणखी दोन मुठी मावतात. दाणे तेच, पायली तीच, फक्त पोकळी कमी झाली. काठाच्या वर जो ढीग राहतो तो शीग. ‘शिगेला पोहोचणे’ आपण रोज म्हणतो, पण त्या शिगेखाली किती हवा आहे हा बाजारातला खरा वाद होता.

या ढिगाचे गणितही आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. 1150) राशिव्यवहार नावाचे प्रकरण आहे. सपाट जमिनीवर धान्याची रास ओतली, तर तिची उंची परिघाच्या कितवा भाग असते, ते तिथे धान्याच्या जातीप्रमाणे दिले आहे. जाड दाण्याला दहावा भाग, बारीक दाण्याला अकरावा, कुसळाच्या धान्याला नववा. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले की राशीचे घनफळ मिळते. π तीन धरला तर हे शंकूचे आजचेच सूत्र. दाण्याच्या जातीने राशीचा उतार बदलतो, हे इतक्या नेमकेपणे टिपलेले पाहून मला दर वेळी आनंद होतो. मात्र हे घनफळ बाहेरून मोजलेले आहे. राशीच्या आत धान्य किती आणि वारा किती, हा प्रश्न तिथे विचारलेला नाही.

आतल्या पोकळीचा प्रश्न युरोपात तोफगोळ्यांवरून निघाला. एकसारखे गोळे जास्तीत जास्त दाट कसे रचता येतील? योहानेस केप्लरने 1611 साली हिमकणांवर लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत उत्तर सुचवले : फळवाला संत्री रचतो तसे, प्रत्येक गोळा खालच्या थराच्या खाचेत बसवून. यापेक्षा दाट रचना नाही, हे सिद्ध व्हायला 1998 साल उजाडले. ते काम थॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाचे. गंमत म्हणजे याच आडनावाच्या एका इंग्रज पाद्र्याने, स्टीफन हेल्सने, पोकळीचा प्रश्न पावणेतीनशे वर्षांपूर्वी चक्क स्वयंपाकघरातल्या वाटाण्यांवर घेतला होता. त्याने भांड्यात वाटाणे आणि पाणी घालून झाकणावर जड वजन ठेवले. फुगलेल्या वाटाण्यांना वर जायला वाव नव्हता, म्हणून त्यांनी मधली पोकळी भरून काढली आणि बाहेर निघाले ते जवळपास बारा पृष्ठांचे दाणे होऊन. हे त्याने 1727च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि दिवाळी असल्याने तो लाडवांवरच सांगतो. एका चौकोनी डब्यात बुंदीचे लाडू एकावर एक, सरळ ओळीत रचले, तर डब्याची 47.64 टक्के जागा रिकामी राहते. प्रत्येक लाडू खाचेत बसवला, तर 25.95 टक्के. आता लाडू निम्म्या व्यासाचे करा. एका मोठ्या लाडवाच्या जागी आठ छोटे बसतील, प्रत्येकाचे घनफळ मोठ्याच्या एक अष्टमांश. बेरीज तीच, म्हणून पोकळीही तीच. लाडू मोहरीएवढे केले तरी टक्का हलत नाही. पोकळी लाडवाच्या आकारमानावर ठरत नाही, रचनेवर ठरते. ती कमी करायची असेल तर मोठ्या लाडवांच्या मधे बुंदीच्या कळ्या भरायच्या. काँक्रीट करणारा मिस्त्री खडीत वाळू आणि वाळूत सिमेंट मिसळतो, ते याच तत्त्वावर. शेजारच्या मुलीच्या पेल्यांत खडी आणि वाळू सारखी का ठरली, याचे उत्तर इथे आहे.

मातीच्या विज्ञानात हा हिशेब मांडला चार्ल्स स्लिक्टर या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकाने, 1899 साली, अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या अहवालात. पण त्याच्याकडे जाण्याआधी चाळीसेक वर्षे मागे, फ्रान्समधल्या दिजों शहरात थांबावे लागेल.

आन्री दार्सी या शहराचा भूमिपुत्र, जन्म 1803चा. दिजोंचे पाणी त्या काळी वाईट होते. इंजिनिअर झाल्यावर त्याने रोझ्वार नावाच्या झऱ्याचे पाणी बारा किलोमीटरहून लांब बंदिस्त कालव्याने शहरात आणले. ते 1840 साली पोहोचले. या कामाचा मोबदला त्याने घेतला नाही. उतरत्या वयात तब्येत खालावली, तेव्हा नोकरीच्या जबाबदाऱ्या बाजूला ठेवून तो प्रयोगांकडे वळला. नदीचे गढूळ पाणी वाळूतून गाळून शहरांना द्यायचे तर वाळूचा थर किती जाड हवा आणि त्यातून किती पाणी उतरेल, हा त्याचा प्रश्न होता.

प्रयोग झाले दिजोंच्या इस्पितळाच्या अंगणात. 1855च्या ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस पहिली मालिका, पुढच्या फेब्रुवारीत आणखी काही. पुढची मालिका त्याचा सहकारी शार्ल रिटर याने पार पाडली. 35 सेंटिमीटर व्यासाचा उभा लोखंडी नळ, त्यात सोन नदीची वाळू, वर आणि खाली दाब मोजायला पाऱ्याच्या नळ्या. इस्पितळाच्या नळयोजनेचेच पाणी वापरलेले. इथे दोन बारकावे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. नळात आधी पाणी भरून मग वाळू सोडली जाई, म्हणजे कणांच्या मधे हवा अडकून राहत नसे. आणि इस्पितळात कुणी तोटी उघडली-मिटली की पाऱ्याला हिसके बसत. दार्सीने ती वाचने गाळली नाहीत. छापील तक्त्यात त्यांच्या शेजारी शेरा आहे : इथे आंदोलने जोरात, इथे कमी, इथली वाळू न धुतलेली.

या तक्त्यांतून निघाला तो नियम आज भूजलाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या प्रकरणात असतो. वाळूतून जाणारे पाणी दाबाच्या फरकाच्या प्रमाणात वाढते आणि थराच्या जाडीच्या प्रमाणात घटते. उरलेले सगळे, म्हणजे वाळूचा स्वभाव, एका गुणांकात कोंबलेले. 1856 साली दिजोंच्या पाणीपुरवठ्यावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात हे सारे परिशिष्टातल्या एका टिपणात आहे. दोनच वर्षांनी, जानेवारी 1858मध्ये, दार्सी गेला.

मला त्या टिपणातली वाळूच्या वर्णनाची ओळ फार महत्त्वाची वाटते. चाळणीच्या कुठल्या भोकातून वाळूचा कितवा भाग गेला हे सांगून दार्सी लिहितो, की पोकळी सुमारे शंभरात 38. बस्स. ही संख्या त्याने मोजली, नोंदवली आणि नियमात वापरली नाही. पोकळीचा आकडा हाताशी असूनही, पाणी किती वाहील हे त्यावरून सांगता येत नाही, हे त्याच्या लक्षात आले होते का? तसे स्पष्ट विधान तिथे नाही. माझा अंदाज असा, की प्रयोग करणाऱ्याच्या हाताला ते कळले होते.

विधान पुढे आले. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स इथे सांडपाणी गाळण्याच्या वाळूंवर काम करणाऱ्या अ‍ॅलन हेझनने 1892 साली दाखवले, की प्रवाह कणाच्या व्यासाच्या वर्गाबरोबर बदलतो. कण निम्मा झाला की पाणी एक चतुर्थांश. त्याने व्यास धरला तो सरासरी नव्हे, तर बारीक कणांच्या बाजूचा, ज्याच्याहून बारीक कण वजनाने दहा टक्के असतात तो. वाट अडवतात ते बारीक कण. मग स्लिक्टरने दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या : रचनेवर ठरणारी पोकळी आणि कणाच्या व्यासावर ठरणारा प्रवाह. शंभर छोट्या बोळांची मिळून जागा एका हमरस्त्याएवढी असली, तरी बैलगाडी बोळातून जात नाही. काळ्या मातीत पोकळी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असू शकते, वाळूपेक्षा अधिक. पण ती इतक्या सूक्ष्म छिद्रांत वाटलेली असते, की पाणी आत धरले जाते आणि पुढे जात नाही. पावसाळ्यात शेतात चिखल घट्ट धरून बसतो आणि शेजारच्या मुरमाच्या वाटेवर पाणी तासाभरात दिसेनासे होते, ते यामुळे.

मधे ऑस्बर्न रेनल्ड्सचे नाव राहून गेले. 1885 साली त्याने समुद्रकिनाऱ्यावरचे एक रोजचे दृश्य समजावले. ओल्या, घट्ट वाळूवर पाय दिला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसते. आपल्याला वाटते, दाबाने पाणी पिळून निघाले. घडते उलट. घट्ट बसलेले कण सरकताना एकमेकांवर चढतात, पोकळी वाढते आणि वरचे पाणी आत ओढले जाते. दापोली-गुहागरकडे जाणाऱ्यांनी अवश्य पाहावे.

एवढे झाल्यावर आम्ही प्रयोगाची आखणी नव्याने केली. पहिला बदल दार्सीचा : पाणी आधी, वाळू नंतर. मोजपात्रात 200 मिलिलिटर पाणी घ्यायचे. दुसऱ्या पात्रात ठोकून बसवलेली 200 मिलिलिटर कोरडी वाळू त्यात हळूहळू सोडायची. बेरीज 400 होत नाही. समजा 325 झाली, तर कमी पडलेले 75 म्हणजे पोकळी, 200 भागिले की साडेसदतीस टक्के. वरून ओतण्यात हवा अडकते, हा तिच्या पहिल्या प्रयोगातला दोष यात टळतो. दुसरा बदल पायलीचा : तीच वाळू एकदा अलगद भरून, एकदा ठोकून. तिसरा लाडवांचा : खडी वेगळी, वाळू वेगळी, मग दोन्ही मिसळून.

काळ्या मातीला मात्र पाण्याची रीत चालत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, म्हणजे मोजता मोजताच पोकळी बदलते. तिच्यासाठी वजनाची वाट धरावी लागते. वाळलेले ढेकूळ तोलायचे, वितळलेल्या मेणात बुडवून त्यावर पातळ थर चढवायचा, पुन्हा तोलायचे आणि पाण्यात बुडवून आकारमान काढायचे, मेणाचे वजा करून. मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण 2.65 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरतात, लोहाची खनिजे जास्त असतील तर थोडी अधिक. ढेकळाची घनता 1.33 आली, तर निम्मे ढेकूळ पोकळ. हे ओल्या आणि कोरड्या मातीत वेगळे येणार, म्हणून ढेकूळ कधी उचलले ती तारीखही लिहायची. मेण वितळवताना घरातले मोठे माणूस जवळ हवे, हे तिच्या आईला मी दोनदा सांगितले.

प्रवाहाचा प्रयोग वेगळा ठेवला. तळ कापलेल्या बाटल्या उलट्या टांगायच्या, तोंडाला फडके बांधायचे, वर पाण्याची पातळी सारखी राखायची आणि पाच मिनिटांत खाली किती आले ते मोजायचे. वहीत दोन तक्ते, एकावर ‘किती मावते’, दुसऱ्यावर ‘किती जाते’.

पहिले पान फाडून टाकू का, असे तिने विचारले. मी नको म्हटले. त्या ओळीवर आता ‘प्रयोगापूर्वीचा अंदाज’ असे लिहिलेले आहे. जुन्या तक्त्यातही काही खोडलेले नाही. काळ्या मातीच्या ओळीपुढे शेऱ्याचा नवा रकाना आखून तिने पेन्सिलीने लिहिले आहे : रात्रीतून फुगली, वाचन धरू नये.