काडतुसाच्या हातभरणीतील दारूची निवड

रायफलीची झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा वापरून तीत नवी टोपी (प्रायमर), दारू आणि गोळी बसवण्याच्या कामाला हातभरणी म्हणतात. अमेरिकेतील नेमबाज व शिकारी हा उद्योग घरच्या घरी, कायदेशीरपणे करतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. हातभरणीत सर्वांत जोखमीचा निर्णय दारूचा असतो, कारण गोळीचा वेग आणि नळीतला दाब दोन्ही तिच्यावर अवलंबून असतात.

आधुनिक रायफलीत धूररहित दारू वापरतात. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने ती १८८४ मध्ये सिद्ध केली. नुसत्या नायट्रोसेल्युलोजपासून केलेली दारू एकआधारी. तीत नायट्रोग्लिसरीन मिसळले की द्विआधारी. द्विआधारी दारूत वजनाच्या मानाने ऊर्जा जास्त असते, पण तिची आच तीव्र असल्याने नळी लवकर झिजते. ब्रिटिश .३०३ रायफलीसाठी एकेकाळी वापरली गेलेली आणि निलगिरीतील अरुवनकाडू येथे तयार होत आलेली कॉर्डाइट याच जातीची.

निवडीचा मुख्य निकष ज्वलनवेग हा आहे. तो दाण्याचा आकार, जाडी आणि दाण्यावरचा ज्वलनरोधक लेप यांवरून ठरतो. गोळी पुढे सरकते तशी तिच्यामागची जागा वाढत जाते. दाब टिकवायचा तर वायू त्याच चालीने तयार होत राहिला पाहिजे. म्हणून मोठी पुंगळी, बारीक नळी आणि जड गोळी यांना मंद दारू लागते. लहान किंवा सरळसोट पुंगळीला व हलक्या गोळीला जलद. पिस्तुलाची जलद दारू रायफलीच्या पुंगळीत चुकून भरली गेली, तर गोळी पुरती हलण्याआधीच दाब शिगेला पोचतो आणि रायफल फुटते. उलट फाजील मंद दारू पूर्ण जळत नाही. नळीत कच्चे दाणे राहतात आणि तोंडाशी मोठा भडका उडतो. ज्वलनवेगाचे तक्ते छापलेले मिळतात, पण ते केवळ क्रम दाखवतात; त्यांवरून किती दारू भरायची हे काढता येत नाही.

नावांवर तर मुळीच विसंबू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारची शिल्लक दारू घेऊन हातभरणी करणाऱ्यांना विकली. त्यातली ४८९५ ही .३०-०६ काडतुसाची, तर ४८३१ ही २० मिमी तोफेची होती. पुढे एच-४८३१ आणि आयएमआर-४८३१ अशा दोन दारू बाजारात आल्या. आकडा एकच असला तरी दुसरी अधिक जलद जळते. एकीचे वजन दुसरीला लावणे धोक्याचे. दारू ग्रेनमध्ये तोलतात (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम). उत्पादकाच्या चालू पुस्तिकेतील किमान वजनापासून सुरुवात करून दाबाची चिन्हे पाहत थोडे थोडे वर जातात. चपटी झालेली टोपी किंवा जड उघडणारा बोल्ट ही अशी चिन्हे. मात्र ती न दिसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

नळीतल्या वायूवर चालणाऱ्या रायफलींना आणखी एक अट असते. गॅरंड रायफलीत फार मंद दारू वापरल्यास वायूछिद्रापाशी दाब जास्त राहतो आणि यंत्रणेचा दांडा वाकतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीसाठी आधीच्या कांडीच्या दाण्यांऐवजी गोल दाण्यांची दारू आली. झाडण्याची गती वाढली, काजळी साचू लागली आणि रायफली अडकू लागल्या. चेंबरला क्रोमचा मुलामा नसणे व सफाईची हेळसांड हीही कारणे होतीच, पण १९६७ च्या अमेरिकी संसदीय चौकशीत दारूच्या बदलावर कडक ताशेरे होते.

बाकीचे निकष सोयीचे आहेत. गोल दाणे मापातून एकसारखे पडतात, लांब कांड्या मापात अडकतात. पुंगळी जवळजवळ भरणारी दारू सहसा एकसमान वेग देते आणि दुप्पट भरणीची चूकही लगेच दिसते. उन्हाळ्यात दाब वाढवणारी दारू उष्ण प्रदेशात त्रासदायक ठरते. तापमानाने फारशी न बदलणाऱ्या दारूही मिळतात. दारू तिच्या मूळ डब्यातच, थंड व कोरड्या जागी ठेवतात. झाकण उघडताच आंबूस झोंबरा वास आला किंवा दाण्यांवर गंजासारखी लालसर भुकटी दिसली, तर ती दारू कुजू लागलेली असते आणि ती वापरत नाहीत.