काटा, कुंपण आणि रिकामा रस्ता

मागच्या शनिवारी माझ्या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं. हा लेख त्या पंक्चरमुळे.

लेस्टरला राहायला आल्यापासून वीकेंडचा माझा ठरलेला उद्योग म्हणजे सायकल काढून शहराच्या पूर्वेला पळणं. हॉटन ऑन द हिल या गावात ए-४७ हा हमरस्ता ओलांडून हंगर्टनच्या दिशेला लागलं, की गाड्यांचा आवाज मागे पडतो. चढ, उतार, पुन्हा चढ. एकही फार मोठा नाही, पण संध्याकाळी जिना चढताना मांड्या हिशेब मागतात. दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण आणि मधे जेमतेम एका गाडीपुरतं डांबर. आपल्याकडच्या पाणंदीवर कुणी डांबर ओतलं तर दिसेल, तसा रस्ता. या भागात काही रस्त्यांवर चक्क आडवं फाटक असतं. उतरायचं, उघडायचं, पलीकडे जायचं आणि आठवणीने लावायचं. नाहीतर मेंढ्या फिरायला निघतात.

तर पंक्चर. काटा होता हॉथॉर्नचा. कुंपणाला इथे मुख्यतः हेच काटेरी झुडूप. पानगळीच्या सुमारास ट्रॅक्टरवरच्या यंत्राने कुंपणं छाटतात आणि रस्ताभर काटे पडतात. ट्यूब काढत फाटकाशी बसलो, तेव्हा उतरत्या उन्हात पलीकडचं कुरण दिसलं. गवताखाली लाटा! समांतर उंचवटे आणि चर, किंचित वळण घेत टेकाडावर गेलेले. या रस्त्याने मी पन्नासदा तरी गेलो असेन. दिसलं पंक्चर झाल्यावर.

घरी येऊन वाचत बसलो. या लाटा म्हणजे मध्ययुगीन शेती. पूर्वी गावाभोवती दोन-तीन प्रचंड मोकळी शेतं असायची आणि प्रत्येक कुटुंबाच्या अरुंद पट्ट्या त्यांत विखुरलेल्या. नांगर माती पट्टीच्या मध्याकडे लोटायचा, म्हणून शतकानुशतकांत उंचवटे तयार झाले. बैलांची लांबलचक जोड वळवायला जागा लागे, म्हणून पट्टीला ते वळण. पीक निघाल्यावर गावाची गुरं सगळ्या शेतात चरायची, शिवाय सामाईक माळ होताच. आपल्या गायरानासारखा. पुढे या जमिनीचं कुरण झालं, नांगर थांबला आणि लाटा गवताखाली जशाच्या तशा राहिल्या.

नांगर थांबला कसा, हे मात्र विचारलं पाहिजे. याच रस्त्यावरचं इंगर्सबी हे गाव लेस्टरच्या मठाच्या ताब्यात होतं. १४६९ मध्ये मठाने सगळी जमीन कुंपणात घालून चराऊ केली. मेंढ्यांना माणसं फारशी लागत नाहीत. गाव उठलं. आज तिथे घरांच्या जागी गवताचे ओटे आहेत आणि मधून एक खोलगट पट्टा जातो, तो गावाचा जुना रस्ता.

मोठी लाट त्यानंतर आली, आणि ती कायद्याने. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक एन्क्लोजर विधेयकं मंजूर केली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा. गावात कमिशनर यायचे, मोजणी करायचे, पट्ट्या मोडून सलग तुकडे पाडायचे आणि नवे रस्तेही आखायचे. १८०१ च्या कायद्यात गाडीरस्ता किमान ३० फूट रुंद हवा असं होतं. अनेक ठिकाणी ४० फूट ठेवला. कच्च्या रस्त्यात चिखल झाला की गाड्या बाजूने जात, म्हणून एवढी रुंदी. पुढे खडी आणि डांबर आलं, ते मधल्या दहा-बारा फुटांवर. उरलेलं गवत अजून दोन्ही कडांना आहे. सायकलवाल्यांना ज्या हिरव्या कडांचं कौतुक, त्यांचं मूळ हे.

एक गंमत. सरळसोट रस्ता मधेच काटकोनात वळतो आणि लगेच पुन्हा काटकोनात. बरेचदा ती दोन गावांची हद्द असते. दोन्हीकडच्या कमिशनरांनी आपापला रस्ता आखला, हद्दीवर जुळतो का हे कुणी पाहिलं नाही. दोन टीमनी आपापलं मॉड्यूल लिहिलं आणि इंटरफेसवर चर्चाच नाही! रिलीजच्या आदल्या रात्री आपण काय करतो? मधे एक वाकडा तुकडा जोडतो.

असो. ज्यांच्याकडे थोडीच जमीन होती त्यांचं काय झालं? डब्ल्यू. जी. हॉस्किन्स हे १९३१ पासून लेस्टरला शिकवत होते. ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ (१९५५) हे त्यांचं गाजलेलं पुस्तक; पण मला त्याहून भिडलं ‘द मिडलँड पेझंट’ (१९५७). विग्स्टन या एकाच गावाचा इतिहास. १७६० च्या दशकात तिथे एन्क्लोजर झालं. कुंपण घालायचा खर्च सोसेना, सामाईक चराई गेली, छोट्या शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या. त्यांची मुलंनातवंडं मजूर झाली किंवा मोजे विणायच्या मागावर बसली. आणि जिथे सगळी जमीन एकाच जमीनदाराची, तिथे तो नवी घरंच बांधू देत नसे, कारण गरिबांच्या पोटगीचा कर गावावर पडायचा. १८६५ मध्ये कायदा बदलेपर्यंत हे चाललं. आज जी गावं चित्रासारखी, शांत वाटतात, त्यांतली कित्येक अशी राखलेली आहेत.

म्हणजे मी दर शनिवारी ज्या शांततेसाठी जातो, तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरलेली आहे. हे कळल्यावर मी जायचं थांबवलं का? नाही. खोटं कशाला बोला.

पण आमचं खटाव तालुक्यातलं गाव आठवलं. आळीतली निम्मी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, उरलेली मुंबई-पुण्यात. आमच्या घरालाही कुलूप आहे. त्याची एक किल्ली इथे लेस्टरला, माझ्या ड्रॉवरमध्ये. मागच्या वर्षी गेलो तेव्हा चुलतभावाची सायकल घेऊन पाणंदीने फिरलो. रस्ता छान रिकामा होता. मी तसं बोललोही. तो म्हणाला, “अरे, माणूस हाय कुठं आता!”

या शनिवारी पुन्हा हंगर्टनला जाणार आहे. छाटणी अजून चालू आहे, तेव्हा दोन ट्यूब घेतल्यात.